घरच्या गच्चीवर वाऱ्याचा झोत मोजताना

वारा कधीच एकसारखा वाहत नाही, म्हणून त्याच्या वेगाचे दोन आकडे सांगावे लागतात: सरासरी आणि झोत. चक्रीवादळाच्या पत्रकात "ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत" अशी जोडी येते ती याचसाठी. सरासरी किती वेळाची घ्यायची याबाबत देशोदेशी एकमत नाही. जागतिक हवामान संघटनेचे प्रमाण १० मिनिटांचे आहे. चक्रीवादळांसाठी अमेरिका १ मिनिटाची सरासरी धरते, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग ३ मिनिटांची. झोताची व्याख्या मात्र बरीच स्थिरावली आहे. दर पाव सेकंदाला वेग टिपायचा, लागोपाठच्या ३ सेकंदांची सरासरी काढायची, ही ३ सेकंदांची खिडकी पुढे पुढे सरकवत न्यायची आणि ठरलेल्या काळात तिच्यातून आलेला सर्वांत मोठा आकडा म्हणजे झोत.

घरांचे आणि शेतांचे नुकसान सरासरीने होत नाही, झोताने होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सेकंदाला २० मीटर असेल तर सुमारे २४० पास्कल दाब येतो, ४० मीटर झाला की ९६० पास्कल, म्हणजे चौरस मीटरवर जवळजवळ ९८ किलो वजन ठेवल्यासारखा. सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर आणि झोत ९६ चा असेल, तर झोताच्या क्षणी पत्र्यावर सरासरीच्या अडीच पटींहून जास्त दाब असतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेले भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, म्हणूनच ३ सेकंदांच्या झोतावर आधारलेले आहे. मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, ५० वर्षांत सरासरी एकदा अपेक्षित असा झोत त्यात मूळ वेग म्हणून धरला जातो. मुंबई आणि नागपूरसाठी तो सेकंदाला ४४ मीटर (ताशी १५८ किलोमीटर) आहे. पुणे आणि गोव्यासाठी ३९ मीटर (ताशी १४० किलोमीटर). घरी नोंदलेला झोत या आकड्यांशेजारी ठेवायचा असेल तर तो त्याच पद्धतीने मोजलेला हवा. यंत्र निवडण्यातली निम्मी कसोटी इथेच ठरते.

महाराष्ट्रात झोत नोंदवण्याचे प्रसंग दोन तऱ्हेचे. एक चक्रीवादळाचा: ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेले निसर्ग, १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलेले तौक्ते. दुसरा, कितीतरी जास्त वेळा येणारा, एप्रिल-मेमधल्या वळवाचा. उंच ढगातून थंड, जड हवा कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पाच-दहा मिनिटांत सगळे आटोपते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला तो अशाच वळवाच्या वादळात. अशा वाऱ्याची १० मिनिटांची सरासरी सौम्यच दिसते. वादळाचा खरा जोर त्या सरासरीच्या पोटात दडलेला असतो.

झोताकडे गांभीर्याने पाहायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. आर्माघ वेधशाळेचे टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ साली चार वाट्यांचा वायुवेगमापी प्रचारात आणला. वाट्यांच्या गतीच्या तिप्पट वाऱ्याची गती, वाटी केवढीही असो, असे त्यांचे गणित होते. ते चुकीचे होते. हे प्रमाण वाटीच्या आणि दांड्याच्या मापावर अवलंबून असते, आणि रॉबिन्सनच्या पद्धतीने वारा बराच फुगवून नोंदला जात राहिला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात आगगाडीसकट कोसळला. त्यानंतर वाऱ्याचा खरा जोर मोजण्याची निकड भासू लागली. त्या प्रयत्नांतून विल्यम हेन्री डाइन्स यांनी १८९२ साली दाबनलिका वायुवेगमापी तयार केला. वाऱ्याकडे तोंड करून राहणारी नळी, तिच्यातल्या दाबाने पाण्यात वर-खाली होणारा तरंगक आणि त्याला जोडलेली लेखणी. फिरत्या कागदावर उमटणाऱ्या आलेखात प्रत्येक झोताचा सुळका दिसे. भारतातल्या वेधशाळांमध्येही हा आलेखक अनेक दशके वापरात होता. वाट्यांच्या यंत्रातली मोठी सुधारणा कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांची, १९२६ ची. त्यांनी चार वाट्यांच्या तीन केल्या. तीन वाट्यांचे चक्र झोताला लवकर प्रतिसाद देते, आणि आजची बहुतेक वाटी-यंत्रे याच घडणीची आहेत.

घरासाठी आज बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत तीन जाती खऱ्या उपयोगाच्या: वाट्यांची, पंख्याची आणि स्वनातीत म्हणजे अल्ट्रासॉनिक. हातात धरायचे छोटे पंखायंत्र वाऱ्यासमोर नेमके धरावे लागते, आणि वादळात गच्चीवर उभे राहून ते धरण्यात शहाणपण नाही. तापलेल्या तारेचे यंत्र एसीच्या नळकांड्यांतली हवा मोजायला चांगले, पावसात निकामी. या दोन्हींचा विचार इथेच सोडून द्यावा.

वाट्यांचे यंत्र सर्वांत साधे. वारा कुठल्याही दिशेने आला तरी चक्र एकाच बाजूला फिरते. आसावर चुंबक असतो, त्याच्या प्रत्येक फेरीला एक छोटा रीड स्विच मिटतो आणि विजेचा एक ठोका पुढे जातो. त्याचा मुख्य दोष म्हणजे ते चटकन वेग घेते आणि सावकाश सोडते, त्यामुळे सतत कमी-जास्त होणाऱ्या वाऱ्यात त्याची सरासरी किंचित जास्त येते. झोताच्या शिखरावर याचा फारसा परिणाम होत नाही.

इथे एका मापाची ओळख करून घेणे गरजेचे आहे, कारण झोतासाठी यंत्राच्या माहितीपत्रकातले हेच सर्वांत महत्त्वाचे माप आणि विक्रेते ते क्वचितच सांगतात. त्याला प्रतिसाद-अंतर म्हणता येईल. वाऱ्याचा वेग अचानक बदलला तर त्या बदलाचा ६३ टक्के भाग यंत्राने दाखवेपर्यंत किती मीटर हवा त्याच्यावरून जाते, तितके त्याचे प्रतिसाद-अंतर. चांगल्या वाटीयंत्राचे ते साधारण २ ते ५ मीटर असते. समजा ३ मीटर आहे. वारा सेकंदाला १० मीटरने वाहत असेल तर यंत्राला सावरायला ०.३ सेकंद लागतो. वादळात वारा ३० मीटरचा झाला तर फक्त ०.१ सेकंद. वारा जितका जोराचा तितके यंत्र चपळ. म्हणजे ३ सेकंदांचा झोत पकडायला बऱ्यापैकी हलक्या वाट्यांचे साधे यंत्रही पुरते. जड धातूच्या, देखण्या, पितळी वाट्यांचे शोभेचे यंत्र मात्र झोतासाठी घेऊ नये.

पंख्याच्या यंत्रात विमानासारखे धड, पुढे पंखा आणि मागे शेपूट असते. शेपूट पंख्याला वाऱ्यासमोर आणते. वेग आणि दिशा दोन्ही एकाच यंत्रात मिळतात. यंग कंपनीचे ०५१०३ हे प्रतिमान हवामान केंद्रांवर आणि जहाजांवर वर्षानुवर्षे वापरले जाते. सेकंदाला १०० मीटरपर्यंतचा वारा मोजण्याची त्याची क्षमता आहे आणि प्रतिसाद-अंतर २.७ मीटर. मात्र दिशा झपाट्याने बदलत असेल तर शेपूट वळेपर्यंत पंखा तिरका राहतो आणि झोत थोडा कमी मोजला जातो. दाटीवाटीच्या वस्तीत, जिथे वारा घिरट्या घालतो, तिथे हा दोष जाणवतो. उघड्या माळावर किंवा किनाऱ्यावर पंख्याला तोड नाही.

स्वनातीत यंत्रात फिरणारा एकही भाग नसतो. समोरासमोरच्या दोन संवेदकांमध्ये ध्वनीचे ठोके दोन्ही दिशांनी पाठवले जातात. वाऱ्याच्या बाजूने जाणारा ठोका लवकर पोहोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. दोन्ही वेळांच्या व्यस्तांकांची वजाबाकी केली की ध्वनीचा स्वतःचा वेग, आणि त्याबरोबर तापमानाचा परिणाम, गणितातून निघून जातो आणि वाऱ्याचा वेग उरतो. जडत्व नाही, झीज नाही, बेअरिंग नाही. गिल कंपनीच्या विंडसॉनिकसारखे व्यावसायिक यंत्र सेकंदाला ४ वेळा वाचन देते, म्हणजे जागतिक व्याख्येत नेमके बसते. त्याची किंमत मात्र घरगुती खरेदीत सहसा बसत नाही. स्वस्त घरगुती संचांतही आता हे तंत्र आले आहे, पण त्यांच्या मर्यादा वेगळ्या. संवेदकावर पावसाचे थेंब साचले, कोळ्याने जाळे विणले किंवा कावळा येऊन बसला की वाचन बिघडते. कधी गायब होते, कधी भलताच मोठा आकडा येतो. झोताच्या नोंदीत गायब झालेल्या आकड्यापेक्षा भलता आकडा जास्त घातक, कारण वर्षाचा उच्चांक म्हणून तोच राहतो. वळवाचा वारा आणि टपोरा पाऊस एकत्रच येतात हे लक्षात घेतले तर केवळ झोतासाठी घ्यायच्या स्वस्त यंत्रात वाट्यांना झुकते माप द्यावे.

एवढे सांगूनही खरे म्हणजे संवेदकाची जात ही दुय्यम गोष्ट आहे. झोताचा आकडा घडतो तो मागच्या इलेक्ट्रॉनिक भागात, आणि बिनतारी घरगुती संच नेमके तिथे अडखळतात. बॅटरी वाचवण्यासाठी संवेदक आपले वाचन ठरावीक अंतराने घरातल्या पडद्याकडे पाठवतो. हे अंतर काही संचांत अडीच-तीन सेकंदांचे असते, काहींत १६ सेकंदांचे, आणि जुन्या स्वस्त संचांत ४८ सेकंदांचेही आढळते. दोन संदेशांमधल्या काळात यंत्र काय करते, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलाच पाहिजे. मधल्या काळातही ते सतत मोजत राहून सर्वांत मोठा वेग कळवत असेल तर हरकत नाही. ते फक्त शेवटच्या क्षणाचा वेग कळवत असेल, तर १६ सेकंदांमधला ३ सेकंदांचा झोत सहज निसटतो. संपूर्ण १६ सेकंदांची सरासरी कळवत असेल तर झोत सपाट होऊन येतो. माहितीपत्रकात याचे उत्तर नसेल तर ते यंत्र झोतासाठी बनवलेले नाही, असे समजायला हरकत नाही.

डेव्हिस कंपनीच्या वाटीयंत्राची रचना या बाबतीत बघण्याजोगी आहे. त्याचे चक्र ताशी १ मैल वाऱ्याला तासाला १६०० फेऱ्या करते. त्यामुळे २.२५ सेकंदांत जितक्या फेऱ्या मोजल्या जातील, तितके ताशी मैल वाऱ्याचा वेग. भागाकाराची गरजच नाही. आणि २.२५ सेकंद हा काळ ३ सेकंदांच्या व्याख्येच्या बराच जवळ आहे. व्हँटेज प्रो २ या संचात वायुवेगमापी लांब तारेने मुख्य पेटीपासून वेगळा बसवता येतो, ही त्याची दुसरी सोय. तिचे महत्त्व पुढे येईल.

स्वतः जुळणी करणाऱ्यांसाठी सुटे वाटीयंत्र आणि छोटा मायक्रोकंट्रोलर हा स्वस्त आणि, नीट केल्यास, सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. पाव सेकंदाला ठोके मोजायचे, लागोपाठच्या बारा वाचनांची सरासरी सरकवत न्यायची, दर मिनिटाचा उच्चांक साठवायचा. सापळे दोन. पहिला असा की दोन ठोक्यांमधल्या क्षणावरून वेग काढून त्यालाच झोत म्हटले जाते. तो काळ सेकंदाचा छोटा अंश असतो, त्यामुळे आकडा ३ सेकंदांच्या झोतापेक्षा मोठा येतो आणि कुणाशीही तुलना करण्याजोगा राहत नाही. दुसरा सापळा रीड स्विचचा. मिटताना त्याची पाती थरथरते आणि एका ठोक्याचे दोन-तीन ठोके होतात, म्हणून कार्यक्रमात एका ठोक्यानंतर काही काळ कान बंद ठेवण्याची सोय करावी लागते. हा काळ ५० मिलिसेकंद ठेवलेला अनेकदा दिसतो. छंदिष्टांमध्ये प्रचलित असलेल्या स्वस्त वाटीयंत्रात सेकंदाला एक ठोका म्हणजे ताशी २.४ किलोमीटर वारा. ५० मिलिसेकंदांच्या बंदीत सेकंदाला २० हून जास्त ठोके मोजलेच जात नाहीत, म्हणजे हे यंत्र ताशी ४८ किलोमीटरच्या वर कधीच जाणार नाही. बाहेर पत्रे उडत असले तरी आत ४८! ताशी १५० किलोमीटरला ठोके १६ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. बंदी २-३ मिलिसेकंदांची ठेवली की थरथरीचा आणि मर्यादेचा असे दोन्ही प्रश्न सुटतात.

माहितीपत्रकात ठळक छापलेले बाकीचे आकडे लवकर उरकता येतात. अचूकता ५ टक्के असली तरी पुरते. जागेमुळे होणाऱ्या चुका याहून कितीतरी मोठ्या असतात. किती मंद वाऱ्यात यंत्र फिरू लागते हा आकडा झोतासाठी बिनमहत्त्वाचा. कमाल मर्यादा मात्र पाहावी. काही घरगुती स्वनातीत संचांची मर्यादा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर असते. पुण्यात ती कशीबशी पुरेल, पण मुंबईच्या मूळ वेगापेक्षा ती कमी आहे.

यंत्र कुठे बसवायचे, हा प्रश्न निवडीइतकाच मोठा आहे. प्रमाण जागा म्हणजे मोकळे मैदान, १० मीटरचा खांब आणि अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या किमान दहा पट अंतर. शहरात हे जवळजवळ अशक्य. मोकळ्या जागीदेखील ३ मीटर उंचीवरची सरासरी १० मीटरवरच्या सरासरीपेक्षा सुमारे १६ टक्के कमी भरते. इमारतींच्या मध्ये तर असे कुठलेच गणित चालत नाही. गच्चीवर वेगळीच अडचण असते. इमारतीच्या भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो आणि कठड्यावरून जाताना वेग घेतो, तर कठड्यामागे, छताच्या लगत, भोवरे आणि उलटा प्रवाह असतो. त्यामुळे कठड्यालाच खिळलेले यंत्र खऱ्या झोतापेक्षा जास्त दाखवू शकते आणि चार पावले आत, दीड मीटर उंचीवर ठेवलेले तेच यंत्र निम्मेही दाखवणार नाही. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सौर पॅनेल, शेजारचा टॉवर, सगळेच आपापली सावली टाकतात. उपाय एकच: खांब गच्चीच्या मध्याच्या आसपास आणि टाकीहून बराच उंच. बंगल्याच्या छतावर तीन-चार मीटरचा ताणतारांनी बांधलेला खांब आवाक्यातला असतो. उंच सोसायटीच्या गच्चीवर मात्र खांब कितीही उंच केला तरी इमारतीचा परिणाम पूर्ण जात नाही, तो नोंदवहीत लिहून ठेवावा एवढेच.

सर्व काही एकाच पेटीत असलेले संच इथेच मार खातात. पर्जन्यमापक जमिनीजवळ हवा, तापमापी डोक्याच्या उंचीवर सावलीत हवा आणि वायुवेगमापी १० मीटरवर हवा. एकाच खांबावर तिघांचे समाधान होत नाही. झोत हाच मुख्य हेतू असेल तर वायुवेगमापी सुटा बसवता येणारा संच घ्यावा.

खांब उंच म्हणजे विजेचा धोकाही आलाच. खांबाला स्वतंत्र अर्थिंग, तारेवर सर्ज रोधक, आणि वादळ चालू असताना कुणीही यंत्र पाहायला गच्चीवर जायचे नाही. किनाऱ्यावर, वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत, खारी हवा बेअरिंग आणि स्क्रू खाते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, सीलबंद बेअरिंग आणि उन्हाने ठिसूळ न होणारे प्लॅस्टिक ही किमान अपेक्षा धरावी. झिजलेले बेअरिंग मंद वारा कमी दाखवते, जोराच्या झोतावर त्याचा परिणाम अल्प असतो. उलट तडकलेली वाटी शांत दिवसांत अगदी बरोबर चालते आणि वादळात तुटून पडते. म्हणून दर पावसाळ्याआधी तेल-बेअरिंगआधी वाट्या आणि दांडे तपासावेत.

सर्वांत मोठ्या झोताच्या वेळी घरात वीज आणि इंटरनेट असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. निसर्ग वादळानंतर रायगडातल्या अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. केवळ वायफायवरून दूरच्या सर्व्हरवर आकडे पाठवणारे यंत्र अशा वेळी रिकामी नोंद ठेवते. पडद्याच्या संचात किंवा लॉगरमध्ये स्वतःची स्मृती आणि किमान दोन-तीन दिवस पुरेल अशी बॅटरी हवी. घड्याळही बॅटरीवर चालत राहिले पाहिजे, कारण वेळ नसलेला झोत कशाशीही जुळवता येत नाही.

बसवलेल्या यंत्राची पडताळणी जवळच्या विमानतळाच्या अहवालांवरून होते. विमानतळांच्या नियमित मेटार अहवालात वारा नॉटमध्ये असतो (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर), आणि झोत सरासरीपेक्षा किमान १० नॉटनी जास्त असेल तर तो वेगळा लिहिलेला असतो. वळवाच्या एका वादळाची तुलना निरुपयोगी, कारण ते पाच किलोमीटरवर वेगळे असते. पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या स्थिर वाऱ्याचे आठ-पंधरा दिवस धरले तर घरच्या आणि विमानतळाच्या आकड्यांचे गुणोत्तर कळते. ते एकसारखे राहत असेल तर यंत्र ठीक. दिशेनुसार बदलत असेल तर ज्या दिशेला ते घटते तिथे अडथळा आहे. घरचे गुणोत्तर १ च्या खाली असणे हे साहजिकच आहे आणि ते "दुरुस्त" करायला आकडे वाढवून लिहू नयेत.

एखादा विलक्षण मोठा झोत नोंदला गेला तर तो मान्य करण्यासाठी पुरावा लागतो. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर वाटीयंत्राने ताशी ४०८ किलोमीटरचा झोत टिपला. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवरचा १९३४ चा ताशी ३७२ किलोमीटरचा उच्चांक त्याने मोडला, पण जागतिक हवामान संघटनेने तो २०१० मध्ये, यंत्र, त्याची जागा आणि आजूबाजूची वाचने तपासून झाल्यावर स्वीकारला. घरच्या नोंदीलाही हीच तपासणी लावता येते. खऱ्या झोताच्या आगेमागे वाढलेला वारा दिसतो, हवेचा दाब किंवा तापमान हलते, वळीव असेल तर पारा झर्रकन उतरतो. शांत रात्री एकटाच उभा असलेला १८० चा आकडा थरथरत्या स्विचचा, सैल जोडाचा किंवा स्वनातीत यंत्रावर बसलेल्या पक्ष्याचा असतो.

नोंदवहीत प्रत्येक उच्चांकासोबत दिनांक, वेळ, दिशा, सरासरी वेग आणि झोत किती सेकंदांचा हे लिहावे. पहिल्या पानावर यंत्राचे नाव, खांबाची उंची, छताची उंची आणि चार दिशांचे अडथळे. यंत्र बदलले, खांब हलवला किंवा शेजारी दोन मजले चढले की तारीख टाकून नवे पान सुरू करावे. त्यापुढचे उच्चांक जुन्या उच्चांकांच्या यादीत मिसळू नयेत.